वेताळाची किंमत किती?



मी बिद्रीचा. कागल तालुक्यातलं हे गाव दूधगंगा-वेदगंगा साखर कारखान्यामुळे तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. माझी स्वतःची नोकरी मात्र दुसऱ्या एका कारखान्यात झाली, वजनकाट्यावर. एकतीस वर्षं ऊस मोजला. भरलेली गाडी मोजायची, रिकामी मोजायची, वजाबाकी करायची आणि समोर उभ्या असलेल्या शेतकऱ्याच्या नजरेला नजर देऊन चिठ्ठी फाडायची. आज बोलणार आहे ते मात्र उसाबद्दल नाही, पत्त्यांबद्दल. रमी किंवा तीन पानी मनात आणू नका. आमच्या घरात गेल्या आषाढात तयार झालेल्या भुतांच्या पत्त्यांची ही गोष्ट आहे.

आषाढात आमच्याकडे पाऊस एकदा धरला की चार-चार दिवस उघडत नाही. थोरला नातू नववीत, नात पाचवीत. दोघं ट्रम्प कार्ड खेळत बसलेले. कुस्तीगीरांची ती कार्डं तुम्ही पाहिली असतील: उंची, वजन, छाती, क्रमांक. आपल्या कार्डावरचा जबर आकडा पुकारायचा आणि समोरच्याचं कार्ड घ्यायचं. त्या खेळातली खोट मला पहिल्या दिवशीच दिसली होती. ज्याच्या हाती पहिल्या क्रमांकाचा पैलवान, त्याला डोकं चालवायचं कारणच उरत नाही. अर्ध्या तासात भांडण ठरलेलं. शेवटी वैतागून मी म्हटलं, "त्यापेक्षा तुमचे पत्ते तुम्हीच करा की."

नातवाने तासाभरात पहिला पत्ता केला. महाखवीस. ताकद एक हजार. खाली लिहिलं होतं, 'सगळ्यांना मारतो. मरत नाही.' नातीने पाच मिनिटांत दुसरा आणून ठेवला: हडळ, ताकद एक हजार एक. संध्याकाळपर्यंत आकडा कोटीच्या घरात गेला आणि खेळ तिथेच मेला. मला वाटतं, जगात ज्याने ज्याने पत्ता रचायला घेतला असेल त्याने पहिला पत्ता असाच केला असेल.

गणपतीला पुण्याहून पुतण्या आला. तो 'मॅजिक: द गॅदरिंग' नावाचा खेळ खेळतो. १९९३ साली अमेरिकेत रिचर्ड गारफिल्ड या गणिताच्या माणसाने तो काढला आणि पत्ते जमवून, आपला कॅट आपणच जुळवून खेळायची रीत त्यातून जगभर गेली. राक्षस, जादूगार, परीलोक असा सगळा मामला. पण मला त्यातली चित्रं नव्हे, कोपऱ्यातला आकडा आवडला. पत्त्याला किंमत असते. शक्ती हवी तर शक्ती खर्चा.

पुतण्याने एक गंमत सांगितली. पहिल्याच संचात पाच रंगांचे पाच पत्ते असे होते की एक नाणं द्यायचं आणि कशाचे तरी तीन मिळवायचे. एकात समोरच्याला तीन घाव, एकात आपल्याला तीन प्राण, एकात तीन नवे पत्ते. कागदावर बघाल तर सगळे सारखेच, तीन म्हणजे तीन. पण तीन प्राण घेणारा फक्त थोडा वेळ तग धरतो आणि तीन पत्ते घेणाऱ्याला पुढच्या तीन वाटा उघडतात. तो तीन पत्त्यांचा पत्ता इतका भारी ठरला की १९९४ च्या सुरुवातीलाच स्पर्धांमध्ये 'एका कॅटात एकच' असं बंधन घालावं लागलं. गणिताच्या प्राध्यापकाचाही काटा चुकला म्हणायचा. मला तेवढंच बरं वाटलं.

मग आम्ही किंमत ठरवली चिंचोक्यांत. पहिल्या पाळीला एक चिंचोका, दुसऱ्या पाळीला दोन, असे वाढत जाणारे. पत्ता टाकायचा तर तितके चिंचोके वाटीत. महाखविसाला आठ चिंचोके पडू लागले. आठवी पाळी येईस्तोवर तो हातात नुसता ओझं होऊन बसतो, आणि तोवर बारकी-सारकी भुतं घर पोखरून जातात. नातू दोन दिवस रुसला. तिसऱ्या दिवशी त्याने स्वतःहून एका चिंचोक्याची तीन भुतं केली.

पत्ते आधी जुन्या लग्नपत्रिका कापून केले होते. ते चाललं नाही. पाठीमागचा गणपती कुणाचा सोनेरी, कुणाचा लाल. पोरांना पाठीवरून पत्ता ओळखू येऊ लागला. मग चित्रकलेचा जाड कागद आणला.

खरी झटापट झाली ती शब्दांशी. चकवा तुम्हाला माहीत आहे. रानात वाट चुकवणारं भूत. नातीने पत्त्यावर लिहिलं, 'समोरचा पत्ता परत जातो.' झालं! परत म्हणजे कुठे? हातात, का कॅटात? कॅटात तर वर का तळाला? त्यावर दिलेले चिंचोके परत मिळायचे का? आणि तिघं खेळत असले तर समोरचा कोण? अर्धा तास वाद झाला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की 'घ्या', 'घेता येईल' आणि 'घ्यावा लागेल' ही तीन वेगळी वाक्यं नाहीत, तीन वेगळे पत्ते आहेत. शाळेत विध्यर्थ शिकवतात तेव्हा पोरांना जांभया येतात. इथे नववीतला मुलगा 'करावा' आणि 'करता येईल' यावर बहिणीशी हमरीतुमरीवर आला होता. चकव्याचं वाक्य सहा वेळा खोडलं. शेवटी उरलं ते असं: 'कोणत्याही एका खेळाडूचा पटावरचा एक पत्ता त्याच्या हातात परत पाठवा. चिंचोके परत मिळत नाहीत.' वाचायला रुक्ष आहे, पण भांडण मिटलं.

भुताची शक्ती कुठून आणायची, तर त्याच्या गोष्टीतून. हे मला पोरांनी शिकवलं. मुंजा पिंपळावर राहतो. मग मुंजाचा पत्ता एका चिंचोक्याचा, पण पिंपळाचा पत्ता पटावर असेल तरच त्याला ताकद. पिंपळ कुणी उपटला की मुंजा कागदाचा तुकडा. हा नियम समजावून सांगावा लागत नाही, आपल्याकडच्या कुठल्याही पोराला तो आधीच पाठ असतो.

एक नियम तर आमच्या सौभाग्यवतींचा आहे, त्यांच्या नकळत. एकदा दिवेलागणीला पट मांडलेला बघून त्या म्हणाल्या, "तिन्हीसांजेची भुतं काय काढून बसलाय सगळी? दिवसा खेळा की." नातू म्हणाला, "दिवसा भुतास्नी ताकद नसतीया, आज्जी." बोलता बोलता नियम झाला. देवापाशी दिवा लागला की प्रत्येक भुताची ताकद एकाने वाढते. वीज गेली तर आणखी एकाने. आमच्याकडे पावसाळ्यात वीज किती वेळा जाते ते ध्यानात घेतलं तर हा नियम फारच चालला.

मी पोरांना म्हटलं, तुम्हाला वाटतंय हे तुम्ही काढलं, पण हे आपल्या बाजूला जुनंच आहे. आजऱ्यावरून आंबोलीचा घाट उतरला की सावंतवाडी. तिथली गंजिफा मी राजवाड्यात पाहिली आहे. हाताने रंगवलेले गोल पत्ते. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा, असे एकशेवीस पत्ते. मत्स्याच्या रंगात मासे मोजायचे, कूर्माच्या रंगात कासवं, परशुरामाच्या रंगात परशू. आणि खेळाची सुरुवात कुणी करायची? दिवसा खेळत असाल तर ज्याच्याकडे रामाचा राजा त्याने, रात्री असेल तर ज्याच्याकडे कृष्णाचा त्याने. बाहेर ऊन आहे का अंधार, हे पत्त्याला विचारायचं! त्या 'मॅजिक'वाल्यांनीही २०२१ साली एका संचात दिवस आणि रात्रीचा नियम आणला. रात्र झाली की माणसाचा लांडगा होतो. पुतण्या कौतुकाने सांगत होता. मी म्हटलं, आमच्या घाटाखाली ये.

गंजिफेत आणखी एक खुबी आहे. निम्म्या रंगांत दश्शी मोठी आणि एक्का लहान. उरलेल्या निम्म्यांत एक्का मोठा आणि दश्शी लहान. म्हणजे नुसता आकडा बघून पत्ता जड का हलका ते सांगता येत नाही, रंग बघावा लागतो. ज्या कुणी हे पहिल्यांदा ठरवलं त्याने ट्रम्प कार्डाचं दुखणं किती आधी ओळखलं होतं!

पत्ते रचायचं हे वेड बादशहांनाही होतं. अबुल फझलच्या 'आइन-ए-अकबरी'त बारा रंगांच्या, एकशेचव्वेचाळीस पत्त्यांच्या खेळाचं वर्णन आहे. घोड्यांचा अश्वपती, हत्तींचा गजपती, सापांचा अहिपती, आणि एका रंगात चक्क जिनांवर राज्य करणारा सुलेमान. अकबराने त्यात आपल्या मनासारखे बदल केले, असंही तो लिहितो. एकोणिसाव्या शतकात म्हैसूरच्या तिसऱ्या कृष्णराज वडियारांनी तर स्वतः नवे खेळ रचले, त्यातला मोठा तीनशेसाठ पत्त्यांचा. चित्रं बघत राहावीत अशी. पण तीनशेसाठ पत्ते लक्षात ठेवून खेळणारा गडी कुठून आणायचा? आमचा कॅट साठावर थांबला, तो नातीची आई म्हणाली म्हणून: "एवढे चिंचोके आता घरात न्हाईत."

सावंतवाडीची गंजिफाही संपतच आली होती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी म्हाताऱ्या चितारी कलावंताकडून ती विद्या घेऊन राजवाड्यात पुन्हा उभी केली, म्हणून आपल्याला ती बघायला तरी मिळते.

आता मला जे सांगायचं होतं ते सांगतो. जरा अवघड आहे.

नात सारखी हरायची. तिचा भाऊ चार वर्षांनी मोठा, शिवाय तोंडाचा पट्टा सतत चालू. ही मुळात अबोल. ती हरली की काही म्हणायची नाही, चिंचोके गोळा करून डब्यात भरायची आणि उठून जायची. ते मला बघवेना. तेव्हा पत्त्यांच्या किमती ठरवायचं काम माझ्याकडे होतं. मी एक नवा पत्ता केला, जखीण. तिची शक्ती बघता चार चिंचोके रास्त होते. मी दोन लिहिले. आणि पत्ते वाटताना ती नातीच्या हाती जाईल असं बघितलं. काट्यावर एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला एवढी हातचलाखी जमते.

ती जिंकली. एकदा, दोनदा, तीनदा. नातवाने पत्ते आपटले आणि तो बाहेर गेला. मी खूश. नात मात्र जखीण हातात धरून बसून राहिली. मग तिने चकवा काढला, मुंजा काढला, शेजारी-शेजारी मांडून ती बोटांनी काहीतरी मोजू लागली. मोजून झाल्यावर पेन्सिल घेतली, माझा दोनचा आकडा खोडला आणि चार लिहिला.

"आबा," ती म्हणाली, "काट्यावर असं केला असतासा काय?"

माझ्यापाशी उत्तर नव्हतं. काट्यावर मी असं कधी केलं नाही, हे खरं आहे. तिथे समोर उभा असलेला माणूस परका होता, म्हणून त्याचा मान राखला. आणि घरात, ज्या पोरीवर माझा एवढा जीव, तिला मी मनातल्या मनात हलकी धरून बसलो होतो. ती हरत होती तोवर निदान खेळत होती. मी तिच्या हातातून तेही काढून घेतलं होतं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी किमती ठरवायची वही मी तिच्याकडे दिली. तिने ती घेतली, काही बोलली नाही.

चार दिवसांनी तिने एक पत्ता आणला. वेताळ. विक्रम राजाच्या खांद्यावरचा. किंमत तीन चिंचोके, ताकद सहा. मी म्हटलं, "अगं, हा तर जखिणीपेक्षा स्वस्त झाला." तिने बोट ठेवून खालची ओळ दाखवली: 'वेताळ पटावर असेपर्यंत त्याच्या मालकाने बोलायचे नाही. बोलल्यास वेताळ कॅटाच्या तळाला जातो.'

किंमत चिंचोक्यांतच घ्यायला पाहिजे असं थोडंच आहे? मला हे सुचलं नव्हतं. पुतण्याला फोनवर वाचून दाखवलं, तो दोन मिनिटं हसत होता.

त्याच संध्याकाळी वेताळ नातवाच्या हाती गेला. त्याने तो पटावर आपटला आणि ओरडला, "आला बघ माझा वेताळ!" गेला तळाला. दुसऱ्या डावात त्याने तोंड दाबून धरलं, एक पाळी काढली, आज्जीने स्वयंपाकघरातून "चहा घेणार काय रं?" विचारलं आणि हा म्हणाला, "व्हय." पुन्हा तळाला. नातीच्या हातात मात्र वेताळ सात-सात पाळ्या टिकतो. ती भिंतीला टेकून बसते, मान हलवून उत्तरं देते. आता कधी ती जिंकते, कधी तो. मी फक्त पत्ते पिसून देतो, आणि पिसताना दोघंही माझ्या हातांकडे डोळ्यांत तेल घालून बघतात.

सध्या एक तक्रार वहीत नोंदवलेली आहे. वेताळ पटावर असताना नात हसली. नातवाचं म्हणणं, हसणं म्हणजे बोलणंच. तिचं म्हणणं, पत्त्यावर तसं लिहिलेलं नाही. शब्द तिचे आहेत, वहीही तिच्याकडेच, तेव्हा निकाल तिनेच द्यायचा आहे. गेले तीन दिवस ती विचार करते आहे.