घर कोठे करावे?

(धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेतील भाषण)



ज्युबिलीच्या ह्या मंगल प्रसंगी ख्रिस्तमंदिर उभारणाऱ्या पूर्वजांचे आणि येथे सेवा करून गेलेल्या धर्मगुरूंचे स्मरण करणे उचितच आहे, आणि ते पूर्वीच्या वक्त्यांनी यथास्थित केले आहे. आम्ही आपले लक्ष एका घरगुती प्रश्नाकडे वेधू इच्छितो. तो प्रश्न असा की, ज्या काळी शहरातील जागांचे भाव दर वर्षी चढत आहेत, त्या काळी ख्रिस्ती कुटुंबाने आपले घर कोणत्या वस्तीत करावे?

हा विषय आजच्या प्रसंगास विसंगत आहे असे कोणी समजू नये. ज्युबिली ह्या शब्दाचा उगमच मुळी जमीन व घर ह्यांच्या न्यायात आहे. लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायात पन्नासाव्या वर्षाचे विधान आहे. त्या वर्षी शिंग फुंकावे, दासांस मोकळे करावे, आणि अडचणीपायी विकलेली जमीन मूळ कुळाकडे परत जावी. कारण भूमी परमेश्वराची असून आपण तिच्यावरील पाहुणे आहोत. त्याच अध्यायात घरांविषयी एक बारीक नियम आहे. खेड्यातील घर शेतासारखे मानून ज्युबिलीत परत करावे. परंतु तटबंदीच्या नगरातील घर विकले, तर ते सोडवून घेण्यास एकच वर्षाची मुदत. ती टळली की ज्युबिलीतही ते परत मिळत नसे. नगरातील घर एकदा हातचे गेले की गेलेच, हे त्या प्राचीन काळीही लोक ओळखून होते.

आता आपल्या दोन्ही नगरांकडे पाहू.

सांगली हे कृष्णामाईच्या काठी वाढलेले शहर. हळदीच्या पेठेने त्यास वैभव दिले आणि नदीने पाणी दिले. पण तीच नदी २००५, २०१९ आणि २०२१ साली घरांत शिरली. आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्याही वर गेले. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, काकानगर, दत्तनगर ह्या सखल वस्त्यांतील कुटुंबांनी अंगावरील वस्त्रांनिशी घर सोडले. मारुती चौक आणि गावभागातील दुकानांत चिखल साचला. ज्यांस ऐपत होती त्यांनी साहजिकच विश्रामबाग, कुपवाड आणि मिरजेकडील उंचवट्याची वाट धरली. आम्ही त्यांस मुळीच दोष देत नाही. ज्याने आपल्या वृद्ध आईस नावेतून बाहेर काढले आहे, त्याने उंचावर घर शोधावे हेच शहाणपण होय.

परंतु परिणाम काय झाला, तोही पाहावा. उंच जागेस मागणी वाढली, तसतसे तेथील भाडे मजूर, परिचारिका आणि लहान पगारदार ह्यांच्या आवाक्यापलीकडे जाऊ लागले. मग त्यांनी जावे कोठे? जेथे भाडे स्वस्त, तेथे. आणि स्वस्त जागा बहुधा सखलच असते. गुंठ्या-गुंठ्याने जमीन घेऊन वसलेल्या शामरावनगरासारख्या भागात नदीस पूर आला नाही तरी पावसाचे पाणी दिवसचे दिवस साचून राहते. अशा रीतीने पुरापासून सुरक्षितता ही हळूहळू विकत घ्यावयाची वस्तू बनते.

साताऱ्याची गोष्ट निराळी, पण तिचे मर्म तेच. अजिंक्यताऱ्याच्या उतारावर थोरल्या शाहू महाराजांच्या काळी वाढलेल्या ह्या नगरात माची पेठ, यादोगोपाळ पेठ, चिमणपुरा अशा पेठांतून वाडे उभे राहिले. एका वाड्यात मालक, चार बिऱ्हाडे, एक विहीर आणि एक अंगण असे. भाऊबंदकी, दुरुस्तीचा खर्च आणि जागेचा भाव ह्या तिहींमुळे असे वाडे पडून तेथे सदनिकांच्या इमारती होत आहेत. शहरही पसरत आहे. २०२० साली हद्दवाढ होऊन शाहूपुरी, विलासपूर वगैरे भाग नगरपालिकेत आले. पश्चिमेस कासचे पठार २०१२ साली पश्चिम घाटाचा भाग म्हणून जागतिक वारशात गणले गेले, आणि यवतेश्वर–कासच्या वाटेवरील माळास पुण्या-मुंबईच्या पैशाची नजर लागली. ज्यास वर्षातून पंधरा दिवस राहावयाचे आहे तो जागेची किंमत ठरवितो, आणि ज्यास बाराही महिने राहावयाचे आहे त्यास ती परवडत नाही.

नवी इमारत वाईट आणि पडका वाडा चांगला, असे आमचे म्हणणे नाही. गळक्या छपराखाली दिवस काढणाऱ्यास वाड्याचे कौतुक सांगणे म्हणजे त्याची थट्टाच होय. आमचे म्हणणे एवढेच की, घर निवडताना आपण केवळ भिंती विकत घेत नाही. आपण शेजार निवडतो. आणि आपल्या येण्याने किंवा जाण्याने दुसऱ्या कोणाचा शेजार मोडतो की राहतो, तेही ठरवितो.

पवित्र शास्त्रात ह्याचे दोन दाखले आहेत. अब्राहामाने वडीलपणाचा हक्क बाजूस ठेवून लोटास आधी निवड करू दिली. लोटाने डोळे वर करून यार्देनेचे हिरवेगार, पाणथळ खोरे पाहिले आणि तेच घेतले. तेथील लोक कसे आहेत हे त्याने विचारले नाही, आणि पुढे तेच त्यास भोवले. दुसरा दाखला नाबोथाचा. राजवाड्यालगतचा त्याचा द्राक्षमळा अहाब राजास हवा होता. राजाने रोख किंमत देऊ केली, अधिक चांगला मळाही देऊ केला. व्यवहार म्हणून तो वाजवीच होता. पण नाबोथास वाडवडिलांची भूमी विकावयाची नव्हती. त्या नकारापायी त्याचा जीव घेण्यात आला. भाव वाजवी असला म्हणजे न्याय झालाच, असे नव्हे, हे एलीया संदेष्ट्याने राजाच्या तोंडावर सांगितले. पोप फ्रान्सिस ह्यांनीही २०१५ सालच्या आपल्या विश्वपत्रात निवाऱ्याच्या प्रश्नास स्थान दिले, आणि दाटीच्या गरीब वस्तीतही माणुसकीचे जाळे असते, ते उखडून टाकू नये, ह्याकडे जगाचे लक्ष वेधले.

तेव्हा घर पाहावयास निघालेल्या कुटुंबाने काय करावे? आम्ही तीन गोष्टी सुचवितो.

पहिली, पाण्याची चौकशी करावी. जलसंपदा विभाग नदीकाठी निळी व लाल अशा दोन पूररेषा आखतो. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. जागा कोणत्या रेषेच्या आत आहे, हे दलालास न विचारता नकाशात पाहावे, आणि त्या गल्लीतील एखाद्या आजीस विचारावे की, बाई, पाणी कोठवर आले होते? बांधकाम मोठे असेल तर २०१७ पासून अमलात असलेल्या कायद्याप्रमाणे त्याची महारेरात नोंद आहे की नाही, हेही पाहून घ्यावे.

दुसरी, ह्या जागी पूर्वी कोण राहत होते आणि ते कसे गेले, हे विचारावे. जुन्या भाडेकरूंस १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्याचे संरक्षण आहे. ते डावलून, वीज-पाणी तोडून रिकामी केलेली जागा स्वस्त मिळाली, तरी ती महागच पडली असे समजावे. आपल्यापैकी जे घरमालक आहेत त्यांनीही करार लेखी करून त्याची नोंदणी करावी, आणि पाचशे रुपये अधिक देणारा कोणी भेटला म्हणून शाळेच्या ऐन वर्षात लेकराबाळांचे बिऱ्हाड हलवू नये.

तिसरी, शेजार पाहावा. वृद्धांस चालत मिस्सेला जाता येईल काय? मुलांस खेळावयास अंगण आहे काय? अडीअडचणीस रात्री कोणाचे दार वाजविता येईल? आपल्यापैकी अनेकांनी हे अनुभवले आहे की, खोली दाखविण्यापूर्वी आडनाव विचारले जाते, आणि आडनाव कळल्यावर खोली नुकतीच गेल्याचे सांगितले जाते. ज्यांनी हा घाव सोसला, त्यांनी आपल्या दाराशी आलेल्या दुसऱ्या जातीच्या वा धर्माच्या गरजूस तोच घाव देणे हे ख्रिस्ती माणसास शोभत नाही.

मुंबईतील आपल्या बांधवांचा अनुभवही ध्यानी घ्यावा. गिरगावची खोताची वाडी, माझगावची माथारपाखाडी, वांद्र्याचे रानवार ह्या जुन्या ख्रिस्ती वस्त्या. तेथे एकेक घर विकले गेले आणि शेजारी मनोरे उठले. प्रत्येकाचा व्यवहार वेगळा होता, पण मोडली ती सर्वांची वाडी. उलट वसईत १९८० च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांच्या पुढाकाराने सर्व धर्मांचे लोक हिरव्या वसईसाठी एकत्र आले. सारेच वाचले असे नाही. पण एकत्र उभे राहिलेल्या वस्तीस बोलता येते, हे तेथे दिसले.

म्हणून ज्युबिलीची आठवण म्हणून आपल्या धर्मग्रामाने एक लहानसे काम हाती घ्यावे, अशी आमची विनंती आहे. कोणाकडे खोली रिकामी आहे आणि कोणास निवारा हवा आहे, ह्याची वही ख्रिस्तमंदिराच्या कचेरीत ठेवावी. पावसाळ्यापूर्वी सखल भागातील प्रत्येक कुटुंबास उंचावरील एक घर नेमून द्यावे, म्हणजे पाणी चढू लागले की कोठे जावयाचे हे त्यास आधीच ठाऊक असेल. ह्यास पैसा फार लागत नाही. दार उघडण्याची तयारी लागते.

बेथलेहेमात ज्या पवित्र कुटुंबास उतारशाळेत जागा मिळाली नाही, त्याचीच तसबीर आपण घरोघरी भिंतीवर लावतो. ती लावण्यास आपली घरे योग्य ठरोत, आणि पवित्र मरिया व संत जोसेफ ह्यांच्या विनवणीने ह्या दोन्ही नगरांत कोणीही निवाऱ्यावाचून न राहो, हीच प्रभुचरणी प्रार्थना.