प्रवासाचा बेत आणि स्नेह्यांचा सल्ला

(एका तालुका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानासाठी मला मूळ विषय देण्यात आला होता तो 'महाराष्ट्रातील प्रेक्षणीय स्थळे' असा. चिटणीसांची परवानगी घेऊन मी त्यात थोडा बदल केला आहे. स्थळांचे वर्णन करणारी पुस्तके आपल्याच वाचनालयाच्या कपाटात पुष्कळ आहेत आणि माझ्यापेक्षा अधिक जाणकारांनी ती लिहिलेली आहेत. पण आपण मंडळी कोठे जावयाचे हे पुस्तक वाचून ठरवितो का? माझा अनुभव तसा नाही. शेजारचे कोणी जाऊन आलेले असते, कचेरीतील स्नेही चार छायाचित्रे दाखवितो, मेहुण्याचा भ्रमणध्वनीवर निरोप येतो की, 'एकदा तरी जाऊन याच', आणि आपण सामान बांधावयास घेतो. ज्या शब्दावर आपण मुलाबाळांसह घराबाहेर पडतो, त्या शब्दाविषयी आज थोडे बोलावे असा माझा विचार आहे.

ही रीत आजची नव्हे. पेण तालुक्यातील वरसई गावचे विष्णुभट गोडसे १८५७ साली आपल्या काकांसमवेत उत्तरेकडे निघाले, ते एका बातमीवर. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार असून तेथे भरपूर दक्षिणा मिळेल, असे त्यांच्या कानी आले होते. घरावर कर्ज होते. बातमी सांगणाऱ्यांचा हेतूही वाईट नव्हता. परंतु भटजी वाटेत असतानाच देश पेटला. वाटेत भेटलेल्या शिपायांनी त्यांना पुढच्या गडबडीची सूचना दिली होती, तरी ते पुढे गेले आणि १८५८ साली झाशीच्या वेढ्यात सापडले. जीव वाचला, पण कर्ज फेडण्याइतका पैसा काही गाठीस उरला नाही. त्यांचा 'माझा प्रवास' हा ग्रंथ चिंतामणराव वैद्य यांनी १९०७ साली प्रसिद्ध केला. इतिहासाचे अभ्यासक तो उठावाची हकीकत म्हणून वाचतात. मला मात्र त्यात दरवेळी एक साधी गोष्ट जाणवते. घरी पोचलेली बातमी खरी असली, तरी ती निघाली त्या दिवसापुरती खरी होती. आणि वाटेवर भेटलेल्या माणसाचे सांगणे त्या बातमीहून ताजे होते.

आता स्वतःची एक फजिती सांगतो. फजिती म्हणतो, कारण ती तेवढ्यावरच थांबली.

आमच्या कचेरीतील एक स्नेही श्रीवर्धन तालुक्यातील हरिहरेश्वरास जाऊन आले. अत्यंत व्यवस्थित गृहस्थ. जेवण कोठे चांगले, खोली कोणती घ्यावी, गाडी कोठे उभी करावी, हे सारे त्यांनी मला कागदावर लिहून दिले. त्यात एक ओळ अशी होती : 'सकाळी ९ वाजता प्रदक्षिणेस जावे, वाट पूर्ण मोकळी असते.' आपणांपैकी जे तेथे गेले असतील त्यांना ही वाट ठाऊक असेल. प्रथम काळभैरवाचे दर्शन घ्यावयाचे, मग हरिहरेश्वराचे, आणि पुन्हा काळभैरवाचे, असा तेथील प्रघात आहे. प्रदक्षिणेची वाट देवळामागील डोंगरावर चढते आणि दुभंगलेल्या कातळातून उतरणाऱ्या उंच पायऱ्यांनी थेट समुद्रापाशी जाते. तेथून डोंगराच्या पायथ्याशी लाटांनी कोरलेल्या खडकांवरून वळसा घालून परत यावयाचे. एका बाजूस कडा, दुसऱ्या बाजूस समुद्र. मध्ये पळून जावयास जागा नाही.

आम्ही बरोबर एका आठवड्याने गेलो. बरोबर माझी वडील बहीण, तिची दोन नातवंडे आणि आमची मंडळी. ठीक ९ वाजता पायऱ्यांच्या तोंडाशी पोचलो. तेथे नारळ घेऊन बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी आम्हाला थांबविले. "भाऊ, आता खाली नका उतरू. पाणी भरलंय. दुपारी दोनच्या पुढं या." माझ्या खिशात स्नेह्यांचा कागद होता. मी त्यांना म्हणालो, "आजी, आमचे मित्र गेल्याच आठवड्यात याच वेळेस जाऊन आले." त्या म्हणाल्या, "गेले असतील. तेव्हा चवथ होती. आज एकादस हाय."

मी तरीही दहा पायऱ्या उतरून पाहिले. खाली जेथे वाट असावयास हवी होती तेथे फेस होता. त्या वाटेवर माणसे लाटांनी ओढून नेल्याच्या दुर्घटना घडलेल्या आहेत, हे मला नंतर समजले. माझी बहीण नातवंडांचे हात धरून वर उभी होती. मी परत फिरलो, तो कागद मुकाट्याने घडी करून ठेवला.

कोकणातील वाचकांना यात नवल वाटणार नाही, पण देशावरच्या मंडळींसाठी हा हिशेब सांगून ठेवतो. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. पक्षातील तिथीचा आकडा घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी, म्हणजे आपल्या किनाऱ्यावर पूर्ण भरती साधारण किती वाजता येईल ते निघते. चतुर्थीस ३ वाजता भरती, म्हणजे सकाळी ९ च्या सुमारास पूर्ण ओहोटी. एकादशीस सव्वाआठला भरती, म्हणजे ९ वाजता पाणी अद्याप काठोकाठ. अमावास्या-पौर्णिमेस दुपारी व रात्री १२ च्या आधी थोडे. हा अंदाजच आहे. मिनिटे मोजावयाची असतील तर भरती-ओहोटीचे छापील कोष्टक पाहावे. पण मुद्दा ध्यानात आलाच असेल. ज्या वेळी माझ्या स्नेह्यांना वाट मोकळी मिळाली, त्याच वेळी एका आठवड्याने तेथे समुद्र असणे हे अगदी नियमाला धरून होते. स्नेह्यांनी खोटे काहीच सांगितले नाही. त्यांनी घड्याळ सांगितले, तिथी सांगितली नाही. मी विचारलीही नाही.

त्या दिवसापासून माझी प्रश्न विचारण्याची पद्धत बदलली. पूर्वी मी विचारीत असे, "कसे आहे ठिकाण?" या प्रश्नाला 'फारच सुंदर' याखेरीज उत्तर येत नाही. पदरचे पैसे खर्चून आलेला माणूस आपला प्रवास फसला असे सहसा कबूल करीत नाही, आणि ते मनुष्यस्वभावास धरूनच आहे. आता मी विचारतो : आपण कोणत्या महिन्यात गेला होता? पाऊस होता का? बरोबर कोण होते? किती वाजता पोचलात, किती वाजता निघालात? कोणी अडविले का? या प्रश्नांना सांगणाराही मनापासून उत्तरे देतो, कारण त्याला मत द्यावयाचे नसते, आठवण सांगावयाची असते. आणि आठवण सांगता सांगता, ज्या अडचणी तो एरवी गिळून टाकतो, त्या सहज बाहेर पडतात.

सातारा जिल्ह्यातील कास पठाराचे उदाहरण घ्या. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटाचा जागतिक वारसास्थळांत समावेश केला, त्यात कासही आहे. तेव्हापासून तेथील गालिच्यासारख्या फुलांची छायाचित्रे घरोघरी पोचली आहेत. पण त्या कातळावर मातीचा थर अगदी पातळ. पाऊस केव्हा लागला, केव्हा उघडला, यावर कोणते फूल कोणत्या आठवड्यात येणार ते अवलंबून. ऑगस्टअखेरीपासून ऑक्टोबरच्या आरंभापर्यंतचा हंगाम, त्यातही पंधरवड्यागणिक रंग पालटतो. स्नेह्याने पाठविलेले छायाचित्र गतवर्षीच्या एका विशिष्ट आठवड्याचे असते. ते पाहून दसऱ्याच्या सुटीत निघालेली मंडळी वाळलेले गवत पाहून परततात आणि वर पठारालाच नावे ठेवतात. कारवीचे तर विचारूच नका. सह्याद्रीतील ही झुडपे सात-आठ वर्षांतून एकदाच फुलतात. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात २०१६ साली कारवी फुलली, त्यानंतर २०२४ साली. मधल्या वर्षी कोणी २०१६ चे वर्णन ऐकून गेला असेल, तर त्याला हिरवी पानेच पाहावयास मिळाली असणार.

फुले न दिसणे हा काही मोठा अपघात नव्हे. पावसाळी धबधब्यांची गोष्ट निराळी. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्यात लहान मुले होती. अशा ओढ्यांचा स्वभाव असा की, खाली रिमझिम असली तरी वरच्या पठारावर जोराचा पाऊस झालेला असतो आणि ते पाणी थोड्याच वेळात खाली उतरते. पाण्यात उभ्या असलेल्या माणसाला वरचे आभाळ दिसत नाही. आदल्या रविवारी पोटरीपर्यंतच्या पाण्यात उभे राहून आलेला मित्र 'काही भीती नाही' असे सांगतो, ते त्याच्यापुरते खरेच असते. म्हणून रायगड, पुणे यांसारख्या जिल्ह्यांचे प्रशासन जेव्हा पावसाळ्यात एखादा धबधबा पर्यटकांस बंद करते, तेव्हा 'आम्ही तर मागच्या वर्षी गेलो होतो' हे म्हणणे मला पटत नाही. त्या मनाईच्या फलकामागे बहुधा एखादी घडून गेलेली गोष्ट असते.

दुसरी बाब प्रवाशाच्या शरीराची. तरुण पुतण्या सांगतो, "रायगड काय, दीड तासात वर!" त्याचे पाय विशीतले. हजाराच्या वर पायऱ्या साठीतल्या गुडघ्यांना निराळ्या मोजाव्या लागतात. १९९६ पासून रायगडावर रज्जुमार्ग आहे, पण सुटीच्या दिवशी तेथे किती वेळ रांगेत उभे राहावे लागते हे पुतण्याला ठाऊक नसते, कारण तो रांगेत उभाच राहिलेला नसतो. त्यासाठी आपल्याच वयाचा, आपल्यासारखाच रक्तदाबाच्या गोळ्या घेणारा स्नेही गाठावा. अजिंठ्याला सोमवारी लेणी बंद आणि वेरूळला मंगळवारी, ही गोष्टही मला ज्यांनी सांगितली ते एक दिवस फुकट घालवून आलेले गृहस्थ होते. ज्याची ठेच ताजी आहे, त्याचा सल्ला मोलाचा, असा माझा अनुभव आहे.

मग स्नेह्यांना विचारूच नये का, असे कोणी म्हणेल. विचारावेच. छापील माहितीपत्रकाला आपण ठाऊक नसतो. स्नेह्याला ठाऊक असतो. आपल्या पत्नीला गाडी लागते, मुलगा वाऱ्यावर पडला की खोकतो, वडिलांना रात्री उठावे लागते म्हणून न्हाणीघर खोलीला लागून हवे, हे ज्याला माहीत आहे तो जे सांगेल ते कोणतेही कार्यालय सांगू शकत नाही. कोकणात ज्या घरांतून राहण्या-जेवणाची सोय होते, त्यांतील कितीतरी घरे अशा तोंडी शिफारशीवरच उभी राहिली. शासनाने २०२० साली कृषी पर्यटनाचे धोरण जाहीर केले. त्यातून शेतावर पाहुणे ठेवणाऱ्या कुटुंबांना प्रोत्साहन मिळाले. पण पहिला पाहुणा दुसऱ्याला धाडतो आणि दुसरा तिसऱ्याला, तेव्हाच त्या घरच्या चुलीवर वर्षभर भाकरी भाजली जाते. आपला एक शब्द त्या घराला किती उपयोगी पडतो, आणि रागाच्या भरात बोललेला एक शब्द किती महाग पडतो, याची जाणीव ठेवून बोलावे. भाकरी गार होती एवढ्यासाठी मी एका घराविषयी चारचौघांत वाईट बोललो होतो. त्या दिवशी त्या घरी आजारपण होते, हे मला पुढे कळले. तेथे पुन्हा गेलो तेव्हा मला जेवण नीट गेले नाही.

आणि ज्यांना आपण सल्ला देतो, त्यांचाही विचार व्हावयास हवा. मी आता स्नेह्यांना काही लिहून देतो तेव्हा वर तारीख घालतो, शक्य तेथे तिथीही. कोठे चुकलो, कोठे परत फिरलो, ते आधी लिहितो आणि सुंदर काय होते ते नंतर. शेवटी ज्यांच्याकडे उतरलो त्यांचा दूरध्वनी क्रमांक, त्यांच्या संमतीने. कारण आमच्या परतण्यानंतर तेथे काय पालटले, ते त्यांनाच ठाऊक.

गतवर्षी बहिणीने पुन्हा हरिहरेश्वराचा आग्रह धरला. प्रदक्षिणा राहून गेली हे तिच्या मनाला लागून होते. या खेपेस मी कोणत्याही स्नेह्याला विचारले नाही. तेथे ज्यांच्याकडे उतरत असतो त्या वहिनींना दूरध्वनी केला आणि म्हणालो, "वहिनी, पुढच्या आठवड्यात येऊ का?" त्यांनी पलीकडून पंचांग काढल्याचा आवाज मला ऐकू आला. "पंचमीला या," त्या म्हणाल्या, "दहाच्या सुमारास पाणी पार खाली असेल. पण वारा असला तर मी नाही सोडायची तुम्हाला, आत्ताच सांगून ठेवते." आम्ही पंचमीला गेलो. वारा नव्हता. बहीण खडकावरून सावकाश चालत होती, आणि नारळवाल्या आजी पायऱ्यांच्या तोंडाशी होत्या तेथेच बसलेल्या होत्या.