बोअर घेण्याआधी दगड वाचा
(नांदेड येथे विद्यार्थ्यांसमोर केलेलं भाषण)



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. बारावीला चांगले मार्क पडले की इंजिनिअरिंग, एवढंच आमच्या घरी माहीत होतं. भूशास्त्र नावाचा विषय असतो, हे मला अब्बांच्या कोरड्या बोअरमुळे कळलं.

लातूरजवळच्या आमच्या शेतात पाणाड्याच्या हातातला नारळ उभा राहिला, तिथे अब्बांनी बोअर घेतले. तीन घेतले, तिन्ही कोरडे. कर्ज मात्र राहिलं. नंतर कारण समजलं. आपला काळा दगड म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर. अखंड दगडात पाणी जवळजवळ नसतंच. ते मुरमात, भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात साठतं. म्हणून शेजाऱ्याला पाणी लागतं आणि आपल्या बोअरमधून धूळ निघते.

२०१६मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्याआधी, ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसं गेली. हा भाग तोवर भूकंपापासून सुरक्षित समजला जात होता. जमीन समजून घेण्याची गरज आपल्याइतकी कुणाला आहे?

त्यासाठी लांब जायला नको. इथल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात भूशास्त्र शिकता येतं. बी.एस्सी.नंतर ‘जॅम’ परीक्षा देऊन आयआयटीतही जाता येतं. एम.एस्सी. झालं की यूपीएससीची भूवैज्ञानिक परीक्षा देता येते. त्यातून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि केंद्रीय भूजल मंडळात नेमणुका होतात. राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा आहे. खाणी, तेल कंपन्या, धरणं, बोगदे आहेत. कॉम्प्युटरची आवड असेल तर उपग्रह नकाशांचं कामही आहे.

खोटी आशा दाखवत नाही. सरकारी जागा थोड्या, स्पर्धा मोठी. उन्हात हातोडी घेऊन फिरावं लागतं. ‘मुलीच्या जातीला हे कसं जमेल?’ असं माझ्या खालानेही विचारलं होतं. तिची मुलगी आज भूशास्त्रात एम.एस्सी. करते आहे.

यंदा अब्बा चौथा बोअर घ्यायला निघाले. तिने आधी शेतात विद्युत रोध तपासणी करायला लावली. आकडे बघून म्हणाली, ‘खालू, इथे नका घेऊ.’

अब्बांनी मशीन परत पाठवली. पाणी अजून लागलेलं नाही. पण नवं कर्जही झालं नाही.

मित्रांनो, मैत्रिणींनो, प्रत्येक गावाला असं एक माणूस हवं आहे. ते तुमच्यापैकी का नसावं?