आधी शाळेची सही

'पालक' हा आपल्या मराठीतला मोठा ऐसपैस शब्द आहे. जो पाळतो, सांभाळतो, तो पालक. मग तो बाप असो, आई असो, आजी असो, की पोरक्या पुतण्याला वाढवणारा काका असो. प्रगतिपुस्तकावर 'पालकाची सही' अशी ओळ असते आणि त्या ओळीवर यांच्यापैकी कुणाचेही नाव शोभून दिसते. अमेरिकेच्या शाळाविषयक कायद्यात पालकांसंबंधी एक कलम आहे. त्याच्या मथळ्यात वर्षानुवर्षे फक्त आईबापांचा उल्लेख होता. 'कुटुंब' हा शब्द तिथे येऊन बसायला २०१५ साल उजाडावे लागले.

श्रोते हो, मी काही शिक्षणतज्ज्ञ नाही. बी.ए. झालेली, कविता लिहिणारी बाई आहे. पण शब्दांशी रोजचा व्यवहार असल्यामुळे एखाद्या कागदावर कोणता शब्द आधी आला आणि कोणता नंतर, याकडे माझे लक्ष चटकन जाते. असाच एक कागद माझ्या बहिणीच्या मुलाने मला न्यू जर्सीहून पाठवला. तो तिथे एका गोदामात काम करतो. त्याची मुलगी सरकारी प्राथमिक शाळेत दुसरीला आहे. कागदाचे नाव मराठीत सांगायचे तर 'शाळा आणि पालक यांचा करारनामा'. खाली तीन सह्यांच्या जागा होत्या. शिक्षकाची, पालकाची आणि चक्क त्या सात वर्षांच्या पोरीचीही. 'खाला, यावर सही करू का?' असे त्याने विचारले होते.

कोर्टकचेरीच्या वाटणाऱ्या या कागदामागे साठ वर्षांचा इतिहास आहे. तिकडे शाळा चालवणे हे मुळात राज्याचे आणि स्थानिक शिक्षण मंडळाचे काम. केंद्र सरकार त्यात फारसे पडत नसे. ११ एप्रिल १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी प्राथमिक आणि माध्यमिक शिक्षणाच्या कायद्यावर सही केली. जागा निवडली ती टेक्सासमधली, स्वतः लहानपणी शिकले त्या एका खोलीच्या शाळेची. शेजारी त्यांच्या पहिल्या शिक्षिका बसल्या होत्या. जॉन्सन स्वतः १९२८ साली कोटुला नावाच्या गावी मेक्सिकन मजुरांच्या मुलांना शिकवत असत. उपाशीपोटी शाळेत येणारी मुले त्यांनी पाहिली होती. या कायद्याचा पहिला भाग 'टायटल वन' म्हणून ओळखला जातो. ज्या शाळांत गरीब घरांतली मुले जास्त, त्यांना केंद्राचा जादा पैसा द्यायचा, हे त्याचे सूत्र.

पैसा आला. मग प्रश्न आला की त्यावर लक्ष कोण ठेवणार? १९७० च्या दशकात कायद्याने पालकांची सल्लागार मंडळे सक्तीची केली. १९८१ साली ती सक्ती काढून टाकली. पुढे पालक पुन्हा कायद्यात आले आणि १९९४ साली त्यात या करारनाम्याची भर पडली. म्हणजे पालकांना खुर्ची देणे, ती काढून घेणे आणि पुन्हा देणे, हा खेळ तिकडेही झाला आहे.

आता करारनाम्यात काय असायला हवे, ते पाहा. कायद्याने आधी शाळेची जबाबदारी लिहायला सांगितली आहे. चांगले शिकवणे आणि मुलाला आधार वाटेल असे वातावरण देणे, हे शाळेचे काम. त्यानंतर पालकांचा वाटा येतो. मुलाच्या अभ्यासाला हातभार लावायचा, जमेल तसे वर्गात मदतीला जायचे, मुलासंबंधीच्या निर्णयांत भाग घ्यायचा. पुढे पुन्हा शाळेची बंधने आहेत. प्राथमिक शाळेने वर्षातून निदान एकदा प्रत्येक पालकाशी समोरासमोर बसून हा करार त्या मुलाच्या संदर्भात बोलायचा. मुलाची प्रगती वरचेवर कळवायची. पालकाला शिक्षकांना भेटता आले पाहिजे, वर्गात बसून शिकवणे पाहता आले पाहिजे.

यापेक्षाही मला भावल्या त्या बारीकसारीक गोष्टी. पालकसभा एकाच ठरावीक वेळी न घेता सकाळी किंवा संध्याकाळी, लोकांच्या सोयीने घ्यावी, असे कायदा सांगतो. सभेला येण्यासाठी गाडीची सोय, धाकट्या मुलांना सांभाळण्याची सोय किंवा शिक्षकांनी घरी जाऊन भेटणे, यांवर केंद्राचा पैसा खर्च करता येतो. ज्या जिल्ह्याला पाच लाख डॉलरपेक्षा जास्त निधी मिळतो, त्याने निदान एक टक्का पालकांच्या सहभागासाठी बाजूला काढायचाच असतो. त्यातले नव्वद टक्के शाळांपर्यंत पोचवायचे असतात. आणि शिक्षकांनाही शिकवायचे असते. काय? तर पालकांच्या योगदानाची किंमत ओळखायला! कडेवर मूल घेऊन सभेला येणाऱ्या बाईचा विचार कुणीतरी कायदा लिहिताना केला होता, हे यातून दिसते.

पण कागद तो कागदच. वाटून घेतलेली जबाबदारी कधी कुणाच्या डोक्यावर पडेल, सांगता येत नाही. मुलाला वाचता येईना, तर 'घरी लक्ष देत नाहीत' असे म्हणून शाळेला हात झटकता येतात. पालकही 'मास्तर शिकवत नाहीत' म्हणून मोकळे होतात. दोन्हीकडे सही केलेला कागद पुरावा म्हणून पुढे करायला तयारच असतो. दोन पाळ्यांत राबणाऱ्या बापाने 'रोज वीस मिनिटे मुलाबरोबर वाचन करीन' यावर सही करायची आणि मग ते जमले नाही म्हणून मान खाली घालून शाळेत जायचे. तो मग शाळेत जाणेच बंद करतो.

हा पेच जेम्स कोमर नावाच्या डॉक्टरांनी ओळखला होता. ते येल विद्यापीठातले बालमानसोपचारतज्ज्ञ. त्यांची आई जेमतेम शाळा पाहिलेली, पण पाचही मुलांना तिने पदव्यांपर्यंत पोचवले. १९६८ साली त्यांनी न्यू हेवन शहरातल्या दोन शाळा कामासाठी घेतल्या. बहुतेक मुले गरीब कृष्णवर्णीयांची. पहिले वर्ष गोंधळाचे गेले. पालक संतापले होते, शिक्षक वैतागले होते. कोमर यांनी मुख्याध्यापक, शिक्षक आणि पालक यांना एका समितीत बसवले आणि तीन नियम घातले. कुणाला दोष द्यायचा नाही. मते मोजून निर्णय घ्यायचा नाही, सर्वांना पटेल तो घ्यायचा. आणि एकमेकांची अडवणूक करायची नाही. या प्रयोगातल्या शाळांची हजेरी आणि गुण पुढच्या वर्षांत सुधारत गेले आणि ही पद्धत देशभर शेकडो शाळांत पोचली.

'दोष द्यायचा नाही' हे तीन शब्द मला फार मोलाचे वाटतात. कारण दोष देण्यात शाळा किती चुकू शकते, हे मी घरीच पाहिले आहे. आमच्या घरात दखनी बोलली जायची आणि शाळा मराठी. अम्मीला कुराण वाचता यायचे, मराठी बोलता यायचे, पण मराठी वाचता येत नव्हते. शाळेतून आलेली चिठ्ठी तिच्यासाठी मुकी होती. पालकसभेला ती कधी गेली नाही. शाळेच्या लेखी त्या घरात शिक्षणाविषयी आस्था नव्हती. प्रत्यक्षात ती रोज पहाटे चुलीपुढे बसवून आमच्याकडून पाढे म्हणून घ्यायची. तिला स्वतःला पाढे येत नसत. पण आम्ही कुठे अडखळलो की ताल मोडायचा आणि तेवढ्यावरून तिला चूक कळायची. 'फिरसे बोल,' ती म्हणायची. ही गोष्ट शाळेला कधीच कळली नाही, कारण शाळा आमच्या घरी कधी आलीच नाही.

शाळा घरी आली तर काय होते? कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटो शहरात १९९८ पासून शिक्षकांच्या गृहभेटी सुरू झाल्या. त्यामागे पालकांचाही रेटा होता. शिक्षक जोडीने जातात. जाणे आणि बोलावणे, दोन्ही खुशीचे. या वेळेचे शिक्षकांना पैसे मिळतात. खोडकर आणि मागे पडलेल्या मुलांच्याच घरी जायचे नाही, नाहीतर दारात मास्तर दिसले की शेजारीपाजारी काय ते समजतात. पहिल्या भेटीत गुणांचा कागद काढायचा नाही. विचारायचे एवढेच, की तुमच्या लेकराविषयी तुमची स्वप्ने काय आहेत?

ॲरिझोनातल्या टूसॉन शहरात लुईस मोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच्याही पुढचे पाऊल टाकले. त्यांच्याबरोबरचे शिक्षक मेक्सिकन मजुरांच्या घरी शिकवायला नव्हे, शिकायला गेले. त्यांना दिसले की ज्या घरांना आपण 'मागासलेली' समजतो, तिथे शेतीचे, बांधकामाचे, दुरुस्तीचे, झाडपाल्याच्या औषधांचे ज्ञान भरलेले आहे. एका मुलाला मेक्सिकोतली मिठाई आणून विकण्याचा नाद होता. त्याच्या शिक्षिकेने मिठाईवरच वर्गाचा पाठ बेतला आणि एक आई वर्गात येऊन ती मिठाई करून दाखवून गेली. १९९२ साली त्यांनी हे सगळे लिहून प्रसिद्ध केले. आता सांगा, त्या दिवशी त्या वर्गात मास्तर कोण होते?

या सगळ्याची किल्ली भाषेत आहे. पालकांना द्यायची माहिती, शक्य असेल तिथवर, त्यांना कळेल अशा भाषेत द्यावी, असे टायटल वनचा कायदा सांगतो. २०१५ च्या दुरुस्तीने त्यात आणखी भर घातली. संवाद दुतर्फा हवा, नुसत्या सूचना नकोत. 'शक्य असेल तिथवर' या शब्दांतून पुष्कळ शाळा निसटत असतील, पण निदान मागायला आधार आहे. मार्च २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी केंद्रीय शिक्षण खाते बंद करण्याच्या दिशेने पावले टाकण्याचा आदेश काढला. मात्र हा कायदा रद्द करायचा तर ते काम तिथल्या संसदेचे आहे, एका आदेशाने ते होत नाही.

मी माझ्या भाच्याला कळवले, 'सही जरूर कर. पण आधी वरचा भाग वाच. शाळेने काय कबूल केले आहे ते बघ आणि त्यातले एक तरी माग.' त्याच्या बायकोला इंग्रजी फारसे येत नाही. त्यांनी दुभाषा मागितला आणि त्याच्या पाळीनंतरची वेळ मागितली. शाळेने फोनवरचा हिंदी दुभाषा दिला. त्या अर्ध्या तासात शिक्षिकेला पहिल्यांदा कळले की वर्गात गप्प बसणारी ही पोर घरी आईला तीन भाषांत गोष्टी सांगते.

आपल्याकडे काय आहे? आपला बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ चा. १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. त्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत निदान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असायला हव्यात. वंचित आणि दुर्बल घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा आहेत. शाळेचा विकास आराखडा करणे आणि सरकारी अनुदान कसे खर्च होते ते पाहणे, हे या समितीचे काम. हक्क म्हणून पाहिले तर हे त्या करारनाम्यापेक्षा कितीतरी मोठे आहे. अमेरिकन पालकाला सही मिळाली, आपल्याला तर खुर्चीच मिळाली आहे. पण समितीची वही सह्यांसाठी घरोघर फिरते आणि बाया उंबऱ्यातच उभ्या राहून अंगठा देतात, हे काही गावांत मी पाहिले आहे. सभा कुठे झाली, काय ठरले, त्यांना ठाऊक नसते. मजुरीवर जाणाऱ्या बाईसाठी सभा सकाळी अकराला ठेवायची आणि मग ती आली नाही म्हणायचे, यात जबाबदारी वाटून घेतली असे होत नाही, ढकलली असे होते.

म्हणून माझे एवढेच सांगणे आहे. शाळेतून सहीसाठी कागद आला तर पेन उचलण्याआधी विचारा, की यात शाळेने काय कबूल केले आहे? ते आमच्या भाषेत कोण वाचून दाखवील? आमच्या सवडीला सभा होईल का? आणि जे गुरुजी आणि बाई हे ऐकत असतील, त्यांना विनंती आहे. एखादी आई शाळेत येत नसेल, तर तिला आस्था नाही असे लिहिण्याआधी एकदा तिच्या घरी जाऊन या. कदाचित तिथे पाढे चालू असतील.