पिकअपचे पाटे आणि हवेचा हिशेब
(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



मेळाव्यात भावाबद्दल बोलायचे, कर्जाबद्दल बोलायचे, विजेबद्दल बोलायचे, ही आपली रीत. आज आम्ही गाडीबद्दल बोलणार आहोत. शेतातून निघालेला माल काट्यावर पोचेपर्यंत वाटेत जो पैसा गळतो, तो आपण कोणत्याच वहीत मांडत नाही. बियाण्याचा खर्च लिहितो, खताचा लिहितो, वेचणीचा लिहितो. मोडलेला पाटा, फुटलेला टायर आणि रस्त्यावर काढलेली रात्र मात्र नशिबाच्या खात्यावर टाकतो.

१९७२ साली राज्यात एकाधिकार कापूस खरेदी सुरू झाली. तेव्हापासून संकलन केंद्रांपुढे लागणाऱ्या बैलगाड्यांच्या रांगा इथल्या जुन्या मंडळींनी पाहिल्या आहेत. ती योजना गेली. आता जिनिंगच्या फाटकापुढे पिकअपची रांग लागते. पण एक फरक आहे. भार जास्त झाला की बैल मान टाकतो, आणि धन्याला समजते. पिकअप काही बोलत नाही. ती बोलते तेव्हा मोडूनच बोलते.

आरसी बुकावरचे दोन आकडे

गाडी नवी आली की पहिली वारी देवळाची आणि दुसरी पाटेवाल्याची. तिथे मागच्या कमानीत दोन-दोन जादा पाटे बसवायचे, आणि 'आता तीन टन झेलते' असे गावभर सांगायचे. या समजुतीची आज उलटतपासणी करू.

आरसी बुक उघडा. त्यात दोन आकडे असतात : गाडीचे रिकामे वजन आणि भारासकट एकूण वजन. एकातून दुसरा वजा केला की माल किती, ते निघते. समजा एकूण वजन २९०० किलो आणि रिकामे १६०० किलो. म्हणजे १३ क्विंटल. त्यातच ड्रायव्हर आणि त्याच्या शेजारी बसलेला सोबती आले. फळ्या, जाळी, मागाहून ठोकलेले लोखंड, तेही त्यातच आले. पाटे दोन घाला की चार घाला, बुकावरचा आकडा एक किलोने वाढत नाही.

आता आपली दोन पिके पाहा. नऊ फूट लांब, साडेपाच फूट रुंद आणि दोन फूट उंच फळ्यांचा हौदा धरा. तो झाला सुमारे १०० घनफूट. ज्वारी घनफुटाला साधारण २० किलो भरते. म्हणजे फळ्यांच्या कडेपर्यंत ज्वारी भरली तर २० क्विंटल झाले. हौदा अजून डोळ्यांना बेताचा दिसतो, पण भार केव्हाच पुढे गेलेला असतो. कापसाचे उलट. त्याच हौद्यात मोकळा कापूस कडेपर्यंत भरला तर चार-पाच क्विंटलच्या पुढे जात नाही. म्हणून आपण जाळी लावतो, बांबू लावतो, तुडवतो आणि माणूसभर उंच चढवतो. ज्वारीची गाडी वजनाने मरते, कापसाची गाडी उंचीने मरते. उंच गाडी पाटाच्या कडेला किंवा वळणावर कलंडते, आणि ती कलंडण्याला जादा पाटे हा इलाज नाही. पाट्यांनी मागची बाजू उचलली की भार आणखी वर जातो, म्हणजे तोल आणखी बिघडतो.

पाटा काय करतो, काय करत नाही

पाटा भार पेलतो आणि लवचिकपणाने धक्का गिळतो. त्याचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. एकाच मापाच्या दोन पाट्यांत एक दुपटीने जाड असला तर तो आठपट ताठ असतो. म्हणून भंगारातून आणलेला ट्रकचा जाड पाटा पिकअपच्या कमानीत घालणे म्हणजे कमानीची लाकडी फळी करणे. मग धक्का पाटा गिळत नाही, तो चासीकडे जातो, हौद्याच्या सांध्यांकडे जातो, ड्रायव्हरच्या कमरेकडे जातो. बाजारातून परतताना आपली गाडी बहुधा रिकामी असते. रिकामी ताठ गाडी मागून उडते, चाक जमीन सोडते, आणि जमीन सोडलेल्या चाकाला ब्रेक लागत नाही.

पाटा वाढवला म्हणून एक्सल जाड होत नाही. बेअरिंग मोठे होत नाही. ब्रेकचा ड्रम रुंद होत नाही. टायर किती किलो पेलेल, त्याचा क्रमांक त्याच्या अंगावर कोरलेला असतो, तोही बदलत नाही. साखळी सर्वांत कच्च्या कडीवर तुटते. आपण फक्त एक कडी बदलली, आणि ती कच्ची नव्हती.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना कोणी सांगितलेली नसते. पुष्कळ पिकअप गाड्यांत मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा एक वॉल्व्ह असतो. त्याची दांडी मागच्या एक्सलला जोडलेली असते. भाराने गाडी मागून खाली बसली की दांडी सरकते आणि वॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त तेल सोडतो. कमान ताठ केली की भार असूनही गाडी खाली बसत नाही. वॉल्व्हला वाटते गाडी रिकामी आहे. भार दुप्पट आणि मागचा ब्रेक रिकाम्या गाडीचा, असा हा प्रकार. उतारावर गाडी थांबली नाही की आपण म्हणतो, ब्रेक फेल झाला. ब्रेक आपणच फसवलेला असतो.

आणि ज्या गाडीत आपण कापूस नेतो, तिच्याच हौद्यात वेचणीच्या बायांना दाटीवाटीने उभे करून नेले जाते. ताठ पाटे, उडणारी मागची बाजू, लटका ब्रेक, आणि वर वीस माणसे. मालवाहू गाडीतून माणसे नेणे कायद्याने गुन्हा आहे. पण आम्ही कायद्याच्या आधी माणुसकीचे बोलतो. मजुरी ठरवताना बायांच्या येण्याजाण्याच्या रिक्षाचे पैसे त्यात धरा. घरची चूल त्या बाईवर उभी असते.

दंडाचा हिशेब

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली बदल झाला. कलम १९४ प्रमाणे जादा भाराला २०,००० रुपये, वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये, आणि जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलवू देत नाहीत. माल बाजूने, मागे किंवा ठरल्या उंचीच्या वर निघाला तरी त्याच कलमात २०,००० आहेत. कापूसवाल्यांनी हे नीट ऐकावे. परवानगीवाचून गाडीत फेरफार केला तर कलम १८२-अ प्रमाणे मालकाला प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

आता वहीत मांडा. समजा भाडे क्विंटलला १०० रुपये आहे. १३ ऐवजी २३ क्विंटल नेले, जादा मिळाले १,०००. एकदा पकडले गेलात तर गेले २२,०००. म्हणजे बावीस खेपांची जादा कमाई एका दुपारी गेली. टायर, बेअरिंग आणि डिझेल अजून धरलेच नाही. आणि गावातल्या सगळ्याच गाड्या २३ क्विंटल नेऊ लागल्या की क्विंटलचा दर उतरतो. तो फायदा माल घेणाऱ्याच्या घरी जातो, मोडलेला एक्सल आपल्या दारात राहतो.

हवेच्या पिशव्या

अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात पिकअपवाले चासी आणि एक्सल यांच्यामध्ये रबरी पिशव्या बसवतात. भार असला की हवा भरायची, रिकामी झाली की सोडायची. एसटीच्या शिवनेरीत जे बसले आहेत, त्यांना हवेवरची गाडी कशी चालते ते ठाऊक आहे. कल्पना चांगली आहे, कारण पाट्याचा ताठपणा रिकाम्या गाडीतही तसाच राहतो, हवेचा ताठपणा कमीजास्त करता येतो. पण त्या पिशव्या बनवणारेच सांगतात की यांनी गाडीची भारक्षमता वाढत नाही, गाडी फक्त समतल राहते. आपल्याकडे आरटीओच्या परवानगीवाचून तो बसवणे फेरफारात मोडते. ते खूळ आपल्या कामाचे नाही.

गाडीवरची हवा

मग खर्च करायचाच तर कशावर? हवेवरच, पण टायरच्या हवेवर.

लोखंडी धावेची बैलगाडी जाऊन टायरची गाडी आली, तेव्हा त्याच बैलांनी जास्त भार ओढला. करामत रबराची नव्हती, रबरात कोंडलेल्या हवेची होती. ट्रकला आणि एसटीला हवेचे ब्रेक असतात, म्हणून त्यांच्याजवळ हवेची टाकी कायम असते. पिकअपचे ब्रेक तेलाचे. तिच्याजवळ हवा नसते, आणि पंक्चरवाला असतो दहा-पंधरा किलोमीटरवर. म्हणून आपण हवा 'अंदाजाने' चालवतो. भार असताना हवा कमी असेल तर टायरची कूस सारखी दुमडते, तापते, आणि एप्रिलच्या डांबरावर फुटते.

बॅटरीवर चालणारा १२ व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर आणि हवा मोजायचे घड्याळ, एवढे सामान दोन-पाच हजारांत येते. किती हवा हवी, ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या पट्टीवर किंवा गाडीच्या पुस्तकात छापलेले असते : रिकाम्या गाडीला वेगळी, भरलेल्या गाडीला वेगळी. मोजायची ती सकाळी, टायर गार असताना.

दुसरा उपयोग काळ्या मातीतला. चाकावर ४०० किलो भार आहे आणि हवा ४४ पौंड आहे, तर टायर सुमारे २० चौरस इंचांवर टेकतो. हवा २२ पौंडांवर आणली की सुमारे ४० चौरस इंचांवर टेकतो, म्हणजे निम्म्या जोराने रुततो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने पाण्यात आणि वाळूत चालणारी डक नावाची गाडी केली. तिच्यात ड्रायव्हर बसल्या जागेवरून टायरची हवा कमीजास्त करी. तत्त्व हेच. मात्र ही कमी हवा बेताच्या भाराला, चालण्याच्या वेगाला आणि शेतापासून सडकेपर्यंतच. डांबर लागले की थांबायचे आणि हवा पूर्ववत भरायची. हे करणे जमते कारण हवा गाडीवर आहे. कापूसवाल्याला यातला फायदा समजावून सांगायला नको. शिवारात रुतलेल्या गाडीने रात्र काढली की दव पडते, आणि सीसीआयच्या केंद्रावर १२ टक्क्यांच्या वर ओल असलेला कापूस घेत नाहीत.

तिसरा उपयोग घरचा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले. तरीही तुंबलेले नोझल आपण तोंडाने फुंकतो. नोझल आधी पाण्याने धुवा, तोंडापासून दूर धरा आणि कॉम्प्रेसरच्या हवेने साफ करा. अंगावरची धूळ मात्र या हवेने कधीही उडवू नका. डोळा जाईल, कान जाईल.

बसवताना

गाडीतल्या लायटरच्या खोबणीतून साधारण १० ते १५ अँपियरच घेता येतात. मोठा कॉम्प्रेसर असेल तर जाड वायर थेट बॅटरीवरून घ्या आणि बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज लावा. ही वायर हौद्याखालून मोकळी नेऊ नका. वर कापूस आहे, खाली घासलेली वायर आहे, मध्ये एक ठिणगी पुरते. चालू कॉम्प्रेसरचे डोके तापते, त्याला सरकीचा किंवा रुईचा तंतू लागता कामा नये. इंजिन चालू ठेवून हवा भरा, पंधराएक मिनिटांनी कॉम्प्रेसरला विसावा द्या. जुन्या गॅसच्या टाकीला झाळ मारून हवेची टाकी करण्याचा जुगाड कोणी करू नये. टाकी घ्यायचीच असेल तर दाब सोडणारा वॉल्व्ह आणि तळाचे पाणी काढायचा नळ असलेलीच घ्या.

आणि पाटे? बसलेला, चिरलेला पाटा जरूर बदला, पण कंपनीने दिला त्याच मापाचा. बुश बदला, शॉकअप बदला, यू-बोल्ट आवळून घ्या. एवढ्याने गाडी जितकी सुधारते, तितकी चार जादा पाट्यांनी सुधारत नाही.

गावी गेल्यावर

तीन कामे आम्ही तुमच्याकडे मागतो. पहिले, या हंगामाआधी गावातली प्रत्येक पिकअप वजनकाट्यावर रिकामी तोला, आणि आरसी बुकावरून मालाचा आकडा काढून तो हौद्याच्या आतल्या बाजूला ठळक रंगवा. दुसरे, प्रत्येक गावात चार-पाच गाड्यांमध्ये मिळून एक कॉम्प्रेसर आणि एक घड्याळ घ्या. तिसरे, गावातल्या गाडीवाल्यांनी एकत्र बसून भाड्याचा दर बुकावरच्या भारावर ठरवा. एकाने १३ क्विंटल नेऊन भागणार नाही, सगळ्यांनी नेले तरच दर टिकेल.

पुढच्या मेळाव्याला येताना वही आणा. किती पाटे मोडले, किती टायर फुटले, किती रात्री रस्त्यावर गेल्या, ते लिहून आणा. मग पाहू कोणता खर्च कामाचा होता.