लव्हाळा, हरळी आणि आपले गादीवाफे
(मंडळाच्या चैत्रातील सभेत केलेले भाषण)



मंडळाच्या मागच्या अंगणातले सहाही गादीवाफे गवताने भरून गेले आहेत, हे आपण सर्वजणी पाहतच आहात. वांगी दिसत नाहीत, मेथी दिसत नाही, नुसता लव्हाळा आणि हरळी. यावर उपाय म्हणून तणनाशकाची एक बाटली आपल्या कपाटात येऊन बसली आहे. ती फोडावी की परत करावी, हे आज ठरावयाचे आहे. परत करावी असे माझे मत आहे. त्याची कारणे सांगते आणि बाटलीवाचून काय करावयाचे तेही सांगते, कारण नुसते ‘नको’ म्हणून गवत जात नाही.

बाटलीवरचा बारीक अक्षरांतला कागद मी भिंग लावून वाचला. आत ग्लायफोसेट नावाचे औषध आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2015 साली त्याची गणना, माणसाला बहुधा कर्करोग होऊ शकेल अशा पदार्थांत केली. 2022 च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारनेही ते प्रशिक्षित कीडनियंत्रकांवाचून इतरांनी वापरू नये, अशी अधिसूचना काढली. आता, याविषयी शास्त्रज्ञांत मतभेद आहेत, हे मी लपवीत नाही. पण आपल्या वाफ्यांतली भाजी बालवाडीच्या खिचडीत जाते. मोठ्यांचे मतभेद मिटेपर्यंत पोरांच्या ताटात तो प्रश्न का वाढावा?

शिवाय हे औषध गवत आणि टोमॅटो यांत भेद करीत नाही. वाऱ्याने उडालेला फवारा वांग्यावर पडला की वांगेही जाते. आणि इतके करून लव्हाळा मरतो म्हणाल, तर वरची पात मरते, पात फुटलेला कंद मरतो, पण जमिनीत झोपून राहिलेले कंद तसेच राहतात.

हा लव्हाळा कसा जगतो ते ध्यानात घ्या, म्हणजे उपाय आपोआप कळेल. एका पातीखाली एक कंद, त्याला दोऱ्यासारखे मूळ, त्या मुळाला पुढचा कंद, अशी काळ्या मण्यांची माळ जमिनीत पसरलेली असते. वैद्य ज्याला मुस्ता म्हणतात ते हेच कंद, आणि आपल्या दिवाळीच्या उटण्यातला नागरमोथाही याच्याच कुळातला. माळ अखंड असते तोवर टोकाचा कंद मागच्यांना फुटू देत नाही. खुरप्याने आपण माळ तोडली की झोपलेले मणी जागे होतात. म्हणूनच खुरपणी झाल्यावर आठ दिवसांनी लव्हाळा पहिल्यापेक्षा दाट दिसतो. तुकोबांनी लव्हाळ्याचे कौतुक केले, पण ते नदीकाठच्या लव्हाळ्याचे. वाफ्यातल्याचे कोण करील!

गादीवाफ्याचा एक मोठा फायदा असा, की माती मोजकी असते. आपला वाफा चार फूट रुंद, दहा फूट लांब आणि नऊ इंच उंच. म्हणजे साठेक घमेली माती झाली. शेतकऱ्याला शेत चाळता येत नाही, आपल्याला वाफा चाळता येतो. वाळू चाळावयाची मोठी चाळण तिरपी उभी करावयाची आणि कोरडी माती तीवर टाकावयाची. कंद आणि हरळीच्या कांड्या वर राहतात. वाफ्याच्या तळाची जमीनही वीतभर खणून निवडली पाहिजे, नाहीतर खालून पुन्हा वर येते. माझ्या परसातले दोन वाफे मी असेच केले. एका वाफ्याला दोघींच्या दोन सकाळी गेल्या, कंबर दुखली. पण त्या वर्षी भेंडीला गवताने गिळले नाही.

निघालेले कंद खताच्या खड्ड्यात मुळीच टाकू नयेत. पत्र्यावर पातळ पसरून चैत्र-वैशाखाच्या उन्हात पंधरा दिवस खडखडीत वाळवावेत, मग बंबात घालावेत. कंदाला ऊन सोसत नाही, ओल मिळाली की मात्र तो जगलाच.

चाळूनही काही कंद राहतातच. त्यांची पात दिसली की तीन आठवड्यांच्या आत उपटावयाची. त्याहून उशीर केला की खाली नवे कंद धरू लागतात. पाणी दिल्यावर दुसऱ्या दिवशी, माती मऊ असताना, पातीच्या बुडाशी बोट घालून कंदासकट ओढावे. असे पुन्हा पुन्हा केले की जुन्या कंदातली शिदोरी संपते. याला दोन पावसाळे लागतात. एका वर्षात संपेल असे मी म्हणत नाही.

हरळीची गोष्ट निराळी. गणपतीच्या एकवीस दूर्वा याच, म्हणून अंगणाच्या कोपऱ्यात तिला जागा असू द्यावी, पण वाफ्यात नको. ती कडेने चालत येते आणि प्रत्येक पेऱ्याला मूळ धरते. वाफ्याभोवती शहाबादी फरशीचे तुकडे वीतभर खाली उभे पुरावेत, आणि वरून चढणारी दोरी दर आठवड्याला कापून उचलावी. जुने पुठ्ठे ओले करून दोन पदरी अंथरले आणि वर पाचट घातले, तर हरळी उजेडावाचून खंगते. लव्हाळा मात्र सुईसारखा पुठ्ठ्यातूनही वर येतो, तेव्हा पुठ्ठ्यावर विसंबून राहू नका.

सावली दोघांनाही सोसत नाही. पहिल्या पावसात दोन वाफ्यांत ताग दाट पेरावा आणि फुलावर येण्याच्या आधी, दीडएक महिन्यात, कापून मातीत गाडावा. दोन वाफ्यांत रताळ्याचे वेल सोडावेत. उरलेल्या दोहोंत भाजी. कोणी मीठ टाका म्हणते. त्याने गवताबरोबर मातीही जाते. उकळत्या पाण्याने नुसती पात भाजते.

आणि नवे गवत आत आणू नका. कच्च्या शेणात गवताचे बी असते, म्हणून खत पुरते कुजलेलेच घ्यावे. विकतच्या रोपांच्या पिशवीत लव्हाळ्याची एखादी पात दिसली तर ते रोप कितीही टवटवीत असो, परत द्यावे.

आता कामाची वाटणी. बारा जणी पुढे आल्या तर दोघींकडे एक वाफा येतो. चाळण मजकडे आहे, पत्रा बालवाडीच्या मागे पडलेला आहे. घमेली मात्र चार लागतील, ती घरून आणावीत. सोमवारी सकाळी सातला, ऊन चढण्यापूर्वी, पहिला वाफा उपसावयास घेऊ. बाटलीचे बूच अजून उघडलेले नाही आणि पावती कपाटातच आहे, ती परत करावयास मी स्वतः दुकानात जाईन.