किटी ओनील आणि एक करारपत्र



मी शाळेत फार शिकलेला माणूस नाही. उमेदीची वर्षे यंत्रमाग कामगारांत गेली आणि करारपत्र वाचायला मी तिथेच शिकलो. तेव्हा हा गृहस्थ मोटारींच्या वेगावर काय बोलणार, असे आपल्याला वाटले असेल. पण आजची कथा मोटारीइतकीच एका करारपत्राचीही आहे.

किटी ओनील १९४६ साली अमेरिकेतील टेक्सस प्रांतात जन्मली. ती पाचएक महिन्यांची असताना दुखण्यात तिचे कान गेले. आई चेरोकी जमातीची. तिने मुलीला ओठांवरून बोलणे ओळखायला आणि स्वतः बोलायला शिकवले. आमच्या मागांच्या खडखडाटातही जुने कामगार एकमेकांच्या ओठांकडे पाहून बोलतात. पण त्यांनी भाषा आधी कानांनी ऐकलेली असते. या पोरीने ती डोळ्यांनीच उचलली.

पुढे ती उंचावरून पाण्यात सूर मारण्यात तरबेज झाली. १९६४ च्या ऑलिंपिकची उमेद होती, तोच मनगट मोडले आणि पाठोपाठ मेंदूज्वराने गाठले. त्यातूनही ती उठली आणि चित्रपटांत जिवावरची कामे करू लागली. पडद्यावर नायिका गच्चीवरून उडी टाकते तेव्हा आपण टाळ्या वाजवतो. उडी मारणारी बाई वेगळीच असते. १९७९ साली एका हॉटेलवरून तिने १२७ फूट खाली उडी घेतली, ती 'वंडर वुमन' या मालिकेसाठी.

आता मुद्द्याकडे येतो. ६ डिसेंबर १९७६. ओरेगन प्रांतातील अल्व्होर्डचे कोरडे मैदान. तीन चाकांची अग्निबाणाची गाडी, इंधन हायड्रोजन पेरॉक्साइड. विक्रम धरायचा तर जाऊन परत यावे लागते आणि दोन्ही खेपांची सरासरी काढतात. किटीची सरासरी आली ताशी ५१२ मैल. बायकांचा आधीचा विक्रम होता ३०८ मैलांचा! मधे एकदा तर काटा ६१८ वर गेला होता. पुरुषांचा, म्हणजे एकूणच जगाचा, विक्रम १९७० पासून ६२२ वर उभा होता. चार मैलांचे अंतर राहिले होते, आणि टाकीत इंधनही पुरते भरलेले नव्हते, असे सांगतात.

पण करारात लिहिले होते की या बाईने बायकांचाच विक्रम मोडावा. मोठा विक्रम हॅल नीडहॅम या पुरुषासाठी राखून ठेवलेला. त्याच्या पाठीशी एक खेळणी काढणारी कंपनी होती, तिला त्याची बाहुली विकायची होती. किटीला थांबवण्यात आले.

हे वाचले तेव्हा मला माझीच एक सही आठवली. मजुरीवाढीचा करार होता. मागवाल्यांची वाढ मिळाली, कांड्या भरणाऱ्या बायकांची 'पुढच्या वेळी' म्हणून सोडली. मालकाने नव्हे, आम्हीच सोडली. त्यातल्या एकीने मला विचारले, "दादा, आमचं नाव कुठल्या ओळीत हाय?" मी कागदाची घडी करून खिशात घातली.

नीडहॅमकडून तो विक्रम कधीच झाला नाही. १९७८ साली दुसऱ्या एका कंपनीने किटीचीच बाहुली बाजारात आणली. ओळखीचे सहकारी कामावर मेल्यावर १९८२ च्या सुमारास तिने हा धंदा सोडला आणि साउथ डकोटातील युरेका या लहान गावी ती राहिली. तिथेच २०१८ साली वारली. त्या दिवसापर्यंत बायकांचा विक्रम तिच्याच नावावर होता.